सर्वो मोटर आणि मास्तरांचा उजवा हात

साधा बल्ब बदलतानाही ज्याच्या बायकोला स्टूल धरून उभं राहावं लागतं, त्या माणसाने सर्वो मोटर घरी आणू नये. एवढी साधी गोष्ट कळायला माझा एक शर्ट, एक उशी आणि खांद्यातला एक स्नायू खर्ची पडला. (स्नायू बरा होईल म्हणतात. शर्टाबद्दल कोणी काही बोलत नाही.)

मी पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे. म्हणजे इंजिनिअर लोक काय हवं ते सांगतात आणि मी ते मागवतो. सर्वो मोटरी तर मी खोऱ्याने मागवल्या आहेत. कुठली किती ताकदीची, कुठलीला ब्रेक असतो, कुठलीची केबल वेगळी मागवावी लागते, सगळं तोंडपाठ. फक्त ती फिरवायची कशी, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि मीही उगाच चौकशी केली नव्हती.

सर्वो म्हणजे शहाणी मोटर. साधी मोटर नुसती गरगरते. सर्वोला सांगायचं की इतकंच फिर, या वेगाने फिर, तिथे थांब आणि परत ये. ती बिनतक्रार तेवढंच करते. आमच्या घरात माझं इतकं ऐकणारं कोणीच नसल्यामुळे मला तिच्याबद्दल पहिल्यापासून आदर वाटत आलेला आहे.

आता मास्तर. मास्तर म्हणजे माझे सासरे. त्यांनी उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवली. हात वर, हात बाजूला, हात खाली, असं म्हणत त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांचे हात वर करवले. आणि मागच्या वर्षी त्यांना झटका आला तो नेमका उजव्या अंगावर. पाय सुधारला, जीभ तर पहिल्या आठवड्यातच पूर्ववत झाली, पण उजवा हात काही वर जाईना. कोपरापर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा.

म्हणून बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. माझी आरामखुर्ची मास्तरांना गेली, माझा कोपरा गेला, सकाळचा पहिला पेपर गेला. त्याचं एवढं नाही, पण माणूस चहाचा कप घेऊन समोरून चालला की मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "जावईबापू, पोट आत." स्वतःच्या घरात पोट आत घेऊन चहा पिणं ही काय शिक्षा आहे, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

मास्तरांनाही इथे राहायचं नव्हतंच. त्यांचं स्वतःचं घर आहे, घरासमोर बाक आहे, बाकावर बसून गप्पा छाटायला त्यांच्याच वयाची टोळी आहे. रोज सकाळी ते मुलीला विचारायचे, "काय गं, कधी सोडतेस मला?"

आणि ती रोज एकच उत्तर द्यायची. "ज्या दिवशी घराची वरची कडी लावता येईल, त्या दिवशी."

त्यांच्या घराचं दार फुगलेलं आहे. एका हाताने ते दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने वरची कडी सरकवायची. दोन धडधाकट हात लागतात त्याला. बिनकडीच्या दाराआड बापाला एकटं ठेवायला बायको तयार नव्हती, आणि सुतार बोलावून दार तासून घ्यायला मास्तर तयार नव्हते. "दाराला काही झालेलं नाही," ते म्हणायचे. "हाताला झालंय."

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येत. वयाने लहान, पण मास्तरांना पुरून उरणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की हातात ताकद परत आलेली आहे, काकांच्या मनात ती अजून आलेली नाही. हात वर जाईल यावर त्यांचा विश्वासच राहिलेला नाही. बाई समोर असल्या की मास्तर व्यायाम करत. बाईंची पाठ वळली की डोळे मिटून खुर्चीत बसत आणि नुसतेच मोठ्याने आकडे म्हणत. स्वयंपाकघरातल्या बायकोला वाटायचं, केवढा व्यायाम चाललाय. (मला ठाऊक होतं. पण चहाडी केली असती तर पोट आत घेण्याबरोबर छातीही बाहेर काढावी लागली असती.)

मग एके दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आलो. मास्तर कपाटासमोर पाठमोरे उभे होते. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं, उचललं आणि वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. मग डावा हात काढून घेतला. उजवा हात क्षणभर तिथे राहिला आणि घसरून खाली आला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात, वर्गातल्या कच्च्या पोराला म्हणावं तसं, ते त्याला म्हणाले, "चल रे. एकदा तरी."

मला फार वाईट वाटलं. आरामखुर्ची, पेपर, पोट, सगळं विसरायला झालं. मी पाऊल न वाजवता बाहेर गेलो आणि मुद्दाम बेल वाजवून पुन्हा आत आलो. आणि चपला काढता काढताच मी ठरवलं की या हातासाठी आपण काहीतरी करायचं. घोडं इथेच पेंड खायला लागलं.

आमच्या स्टोअरमध्ये प्रदर्शनात मांडायला जुळवलेला एक सर्वोचा संच धूळ खात पडला होता. मोटर, तिला हुकूम देणारा ड्राइव्ह नावाचा डबा आणि एक इमर्जन्सीचं, दाबलं की सगळं थांबवणारं लाल बटण. साहेबांची परवानगी काढून तो मी शनिवारी घरी आणला. बेत साधा होता. छताच्या हुकाला कप्पी लावायची, तिच्यावरून दोरी, दोरीच्या एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला मनगटाचा पट्टा. मोटर हळूहळू दोरी ओढणार, हात हळूहळू वर जाणार. हाताला वाट सापडली की मनालाही सापडेल. सर्व्हिसच्या माणसाने माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर घालून दिलं आणि एवढंच सांगितलं, "प्रत्येक खिडकीत काय लिहिलंय ते वाचायचं, मगच ओके दाबायचं."

मी हसलो. मी परचेसचा माणूस. न वाचता ओके करण्यावर माझं अख्खं खातं उभं आहे.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर मोटर बोल्टांनी आवळली. बायको हाताची घडी घालून बघत होती.

"फिजिओबाईंना विचारलंत का?"

"आधी तयार करू, मग विचारू. त्यांना आश्चर्य वाटेल."

"त्याबद्दल मला शंका नाही," ती म्हणाली. "आणि हे लाल बटण कपाटाला का लावलंत? तेही बाबा बसतील त्यांच्या उजव्या बाजूला, इतक्या उंच?"

"वायर तिथपर्यंतच पोचते. आणि बटण माझ्यासाठी आहे, बाबांसाठी नाही."

"बाबांचा हात त्या पट्ट्यात जायच्या आधी दुसरं काहीतरी घालून बघायचं. आणि जोर अगदी कमी ठेवायचा. नाहीतर मोटर आणि तुम्ही, दोघेही आज रात्री जिन्यात झोपाल."

ही अट रास्त होती. मी माझ्या शर्टाच्या बाहीत उशीतला अर्धा कापूस कोंबला, उरलेली उशी धडात घातली आणि मनगटाला पट्टा बांधला. घाईत हाताला आला तो शर्ट घेतला, तो नेमका लग्नकार्याला घालायचा निघाला. मास्तर आरामखुर्ची सरकवून कपाटाशी येऊन बसले. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"हा तुमचा हात आहे असं समजा, बाबा."

"ढेरी तुमची दिसतेय," मास्तर म्हणाले.

मी लॅपटॉप जोडला. सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर लाल खूण आली. मी केबल काढून पुन्हा घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला, सर्व्हिसच्या माणसाला फोन लावला (त्याने उचलला नाही, रविवारी तो माझ्यासारख्यांचे फोन उचलत नाही). खूण लालच. मी घामाघूम झालो. मोटर बिघडलेलीच आणली आपण, असं म्हणून हात टेकायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "ते लाल बटण असं आत दबलेलंच असतं का?"

बटण पिळून बाहेर काढलं. खूण हिरवी झाली. "तेच बघत होतो मी," असं म्हणून मी पुढच्या खिडकीवर ओके दाबलं.

पुढची खिडकी ऑटो ट्यूनिंगची होती. म्हणजे मोटर भाराला जरा गदागदा हलवून बघते आणि त्याचं वजन ओळखते. हे नंतर वाचलं. त्या वेळी एवढंच झालं, की मोटर घूं करून थरथरू लागली, टेबलही थरथरू लागलं, टेबलावरच्या बशा किणकिणत कडेला निघाल्या आणि उशीचा माणूस दोरीवर लटलटू लागला. बायकोने बशा झेलल्या.

"थंडी भरलीय वाटतं त्याला," मास्तर म्हणाले. पण मी बघितलं, ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. कित्येक दिवसांत त्यांनी पेपर सोडून कशात इतकं लक्ष घातलेलं नव्हतं. मला हुरूप आला.

"आता खरी चाचणी," मी म्हणालो. वर किती जायचं ते भरलं, खाली किती यायचं ते भरलं, पुन्हा पुन्हा करत राहायचं या चौकोनात टिचकी मारली. वेगाच्या रकान्यात, अगदी सावकाश असा वाटणारा एक आकडा टाकला. ओके.

उशीचा माणूस होता तिथून नाहीसा झाला. पुढच्या क्षणी तो कप्पीवर आदळला, पुढच्या क्षणी जमिनीवर, पुन्हा कप्पीवर. तिसऱ्या फेरीला बाही खांद्यापासून निखळली आणि सगळा कापूस खोलीभर उडाला. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. कापूस सावकाश खाली येत होता. तो माझ्या डोक्यावर बसला, मास्तरांच्या मिशांवर बसला, दाराच्या पडद्याला तर आतून बाहेरून चिकटला.

"असा हात वर करणार होतात माझा?" मास्तरांनी विचारलं. राग नव्हता आवाजात. निव्वळ चौकशी.

चूक मला लगेच सापडली. वेग मी मिनिटाचा समजून टाकला होता, आणि सॉफ्टवेअर तो सेकंदाचा समजून बसलं होतं. एवढंच. मी तो आकडा बदलला, पडद्यावर दोनदा वाचला, बायकोलाही वाचायला लावला.

"आता बरोबर आहे?" तिने विचारलं.

"तुझ्या डोळ्यांसमोर आहे की."

आणि इथे परचेसच्या माणसाची जन्मखोड नडली. आमच्याकडे कागदावर दुरुस्त झालं की ते दुरुस्त झालं. पुढे मालाचं काय होतं ते आम्ही बघत नाही. सर्वोचं तसं नसतं. पडद्यावर आकडा बदलला तरी तो ड्राइव्हमध्ये पाठवावा लागतो, त्याला वेगळं बटण असतं. मी ते दाबलंच नाही. पडद्यावर नवा आकडा शहाण्यासारखा बसला होता, आणि त्या डब्याच्या पोटात जुनाच आकडा दबा धरून होता.

बायको दाराचा पडदा काढून झटकायला गॅलरीत गेली. खोलीत मी आणि मास्तर.

"चला बाबा, आता तुमचा हात."

मास्तर हलले नाहीत. "माझा एक नियम आहे. जो कवायत सांगतो, तो आधी करून दाखवतो."

करून दाखवायला दुसरी उशी उरली नव्हती. मी लाल बटण पिळून मोकळं केलं. टेबलावर कापूसच कापूस होता, म्हणून लॅपटॉप मास्तरांच्या मांडीवर दिला. "जपून धरा. पडला तर कंपनी मला घरी बसवेल, आणि मग दिवसभर आपण दोघेच." मास्तरांनी डाव्या हाताने तो घट्ट धरला. मी पट्टा उजव्या मनगटात अडकवला, बक्कल आवळलं, पोट आत घेतलं.

"ते हिरवं बटण दाबा."

मास्तरांनी दाबलं.

माझा हात वर गेला असं म्हणणं बरोबर होणार नाही. हात वर होताच, मी मागून पोचलो. जोर कमी ठेवलेला म्हणून, नाहीतर मी आज छतावरून लिहीत असतो. टाचा उचलल्या, चवड्यांवर आलो, दोरी सैल पडली, खाली वाकलो, तोवर पुन्हा वर. डाव्या हाताने बक्कल गाठावं म्हटलं, तर बक्कल जिथे असायचं तिथे मी नसायचो.

मास्तर निरखून बघत होते. "गुडघे वाकवू नका," ते म्हणाले. "एक, दोन. एक, दोन. छान जमतंय."

"बाबा," मी वरून म्हणालो. "बंद," मी खालून म्हणालो. "करा," वरून.

"काय?"

"लाल. बटण."

मास्तरांनी उजवीकडे मान वळवली. "ते माझ्या उजव्या बाजूला आहे."

"डाव्या. हाताने."

"डाव्या हातात लॅपटॉप आहे. सोडू?"

"सोडू. नका."

(माणसाच्या अंगात नोकरी किती मुरलेली असते बघा.)

"पडद्यावर. स्टॉप. लिहिलंय. ते."

"पडदा काळा झालाय," मास्तर म्हणाले. "इथे पासवर्ड मागतोय."

ऑफिसचा लॅपटॉप. जरा कुणी हात लावला नाही की कुलूप लावून बसतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते हातामुळे नाही. कारण तो पासवर्ड मास्तर आमच्याकडे आले त्या पहिल्या महिन्यातला होता. आरामखुर्ची नुकतीच गेलेली. ऑफिसने पासवर्ड बदलायला सांगितला आणि त्या क्षणी मनात जे होतं ते मी टाकून मोकळा झालो. पुढे माझं मन बदललं, पासवर्ड बदलायचा राहिला.

"तो. आठवत. नाही," मी म्हणालो.

"रोज सकाळी तर उघडता." मास्तरांच्या आवाजात आता काळजी होती. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं की ही कवायत उरलेली नाही. "जावईबापू, लाल झालात तुम्ही. लवकर सांगा. एकेक अक्षर सांगा. मी टाकतो."

खांद्यातून कळ आली. जीव की इज्जत असा प्रश्न होता, आणि मी जीव निवडला.

"बी. ए. बी. ए."

मास्तर लॅपटॉपवरचा डावा हात न उचलता त्याच्या एका बोटाने अक्षरं शोधत होते आणि चुकू नये म्हणून मोठ्याने जुळवत होते. "बी, ए, बी, ए. बाबा. अरे वा." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "पुढे?"

"के. ए. डी. एच. आय."

"कधी," मास्तर म्हणाले. "बाबा कधी." बोट थांबलं. "पुढे?"

दोन फेऱ्या मी नुसतं वरखाली होत काढल्या. तिसऱ्या फेरीला राहवेना.

"जे. ए. एन. ए. आर."

मास्तरांनी पाचही अक्षरं इमानदारीने टाकली. मग सावकाश, धडा वाचावा तसं, पूर्ण वाक्य म्हणून पाहिलं. "बाबा कधी जाणार."

मास्तरांच्या मिशा थरथरल्या. कान लाल झाले. वर्गात कुणी खोडी काढली की जो चेहरा होत असेल तो चेहरा झाला, आणि त्या चेहऱ्याबरोबर जे व्हायचं तेच झालं. मला थोबाडीत द्यायला मास्तरांचा हात वर गेला. कोपराशी अडला नाही, खांद्याशी अडला नाही. सरळ कानाच्याही वर गेला आणि तिथे थांबला.

उजवा हात.

मी वर होतो तेव्हा मला तो दिसला, खाली होतो तेव्हाही दिसला. मास्तरांना तो सगळ्यात शेवटी दिसला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बोटं उघडली, मिटली. मग त्यांनी तोच हात अजून जरा उंच नेला आणि कपाटावरच्या लाल बटणावर ठेवून दाबला.

मोटर थांबली. टक् असा आवाज झाला. हा ब्रेकचा आवाज. वीज गेली की भार खाली पडू नये म्हणून असल्या मोटरीला ब्रेक असतो, होता तिथेच तो भार पकडून ठेवतो. भार त्या वेळी वर होता.

"बाबा," मी चवड्यांवरून म्हणालो, "ते फार जुनं आहे हो. पहिल्या महिन्यातलं. आता मला तसं काही वाटत नाही. खरंच सांगतो."

मास्तरांचा हात अजून बटणावरच होता. तो खाली घ्यायची त्यांना भीती वाटत असावी. डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. "जावईबापू," ते म्हणाले, "गेले कित्येक महिने मी हाच प्रश्न तुमच्या बायकोला विचारतोय. तुम्ही निदान लिहून तरी ठेवलात."

पडदा घेऊन बायको दारात आली. तिने बापाचा हात बघितला आणि पडदा खाली टाकला.

"बाबा, हात."

"हो."

"तुम्ही नेलात तिथे?"

"मीच. कुणाच्या मदतीशिवाय."

"पुन्हा करा."

त्यांनी हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, श्वास घेतला आणि पुन्हा वर नेला. या वेळी थोडा थरथरला, पण गेला. बायको जमिनीवर कापसात बसली आणि त्यांच्या गुडघ्याला मिठी मारून रडायला लागली. मास्तर तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. उजवा. मलाही भरून आलं. डोळे पुसायला मला एकच हात मोकळा होता.

"मी इकडे आहे," मी थोड्या वेळाने म्हणालो.

"हो, आलेच," बायको म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

तेवढ्यात फिजिओबाई आल्या. त्यांनी कापूस पाहिला, मास्तरांचा वर गेलेला हात पाहिला, माझाही वर गेलेला हात पाहिला. "दोघांनी एकदम सुरू केलं का?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. पासवर्ड मात्र सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "यांनी मला एका गोष्टीची आठवण करून दिली आणि हात वर गेला." हे उपकार मी विसरणार नाही. मग बायकोने कात्रीने दोरी कापली आणि मी उरल्यासुरल्या उशीवर पडलो.

बाईंनी आधी मास्तरांना तपासलं, मग मला. "काकांचा हात उत्तम," त्या म्हणाल्या. "तुमचा मात्र खांदा दुखावलाय. पण ही मोटर इतक्यात हलवू नका. असू दे टेबलावर."

"मग मी ती नीट जुळवतो. आकडा पाठवायचा तेवढा राहिला होता."

"तुम्ही काहीही पाठवू नका," बाई म्हणाल्या. "फक्त व्यायामाच्या वेळी लॅपटॉप उघडून बसा."

औषध लागू पडलं. मी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून टेबलाशी बसायचो आणि लॅपटॉपचं झाकण उचलायचो. झाकण उचललं की मास्तर म्हणायचे, "करतो, करतो, तुम्ही त्रास घेऊ नका," आणि दोन्ही हात छताकडे. आकडेही आता खरे असायचे. चार दिवसांनी हात पेपराच्या वरच्या कोपऱ्याला पोचला, मग फळीवर पोचला आणि तिथे स्वतःहून राहिला. फळीवर हात ठेवून मास्तर बराच वेळ उभे होते. मी या वेळी बेल वाजवायला बाहेर गेलो नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

महिना सरायच्या आत आम्ही त्यांना त्यांच्या घरी सोडायला गेलो. मास्तरांनी आम्हाला बाहेर उभं केलं आणि दार ओढून घेतलं. आतून दार दाबल्याचा आवाज आला. मग काही नाही. बायकोने माझा दंड धरला (दुखरा). मग खर्र करून कडी सरकली आणि खट् करून बसली. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको हसत होती, रडत होती, आणि दाराला म्हणत होती, "बाबा, बास झालं, आता उघडा, आपल्याला चहा प्यायचाय."

मोटर मी कंपनीला परत केली. पासवर्ड बदलला. आरामखुर्ची परत मिळाली, पण तिच्यात बसलं की उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं, म्हणून दर रविवारी आम्हीच मास्तरांकडे जातो. एकंदरीत माझं घरात जरा वजन वाढलं होतं. शेजारीपाजारी बायको सांगायची, "यांच्या मोटरमुळे बाबांचा हात बरा झाला." मीही मानेने नाही म्हणत होतो, पण अशा बेताने की ते हो वाटावं.

आणि गेल्या आठवड्यात फिजिओबाईंचा फोन आला. त्यांच्या दुसऱ्या एक पेशंट होत्या, एक आजी. गुडघा बरा झाला होता, पण पलंगावरून उतरायलाच तयार नव्हत्या. तुम्ही जरा याल का, असं त्यांनी मला विचारलं. मला. फोनवरच माझी मान ताठ झाली.

"अवश्य येतो. साहेबांना विचारून मोटर पुन्हा घेऊन येतो. गुडघ्यासाठी कप्पी जरा खाली लावावी लागेल. सेटिंग मला आता तोंडपाठ आहे."

"मोटर नको," बाई घाईने म्हणाल्या. "तुम्ही नुसते लॅपटॉप घेऊन या. काकांची गोष्ट मी आजींना सांगून ठेवलीय."

मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. आजी उशीला टेकून बसल्या होत्या. मी नमस्कार केला, स्टूल ओढून समोर बसलो आणि लॅपटॉप उघडला. आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे पाहिलं. मग पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले, तरातरा चालत आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.